गुण जास्त, तरी नऊ पराभव: नेब्रास्काच्या २०२१ च्या हंगामाचं गणित

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२१ च्या हंगामात १२ सामने खेळले. त्यात एकूण ३३५ गुण केले आणि समोरच्या संघांना २७२ दिले. म्हणजे हिशेबात ६३ गुणांनी पुढे. तरीही विजय ३ आणि पराभव ९. नऊपैकी एकही पराभव ९ गुणांपेक्षा मोठा नाही, आणि आठ तर ८ किंवा त्याहून कमी गुणांचे.

क्रिकेट पाहणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर नेट रन रेट चांगला अधिक चिन्हात, पण गुणतक्त्यात संघ तळाशी. आयपीएलमध्ये एखाद्या वर्षी थोडंफार असं घडतं, पण इतक्या टोकाला क्वचितच जातं. त्यामुळे हा हंगाम अजूनही चर्चेत येतो. कोणी त्याला दुर्दैव म्हणतं, कोणी कोचची नालायकी. दोन्ही बाजूंना थोडंथोडं सत्य आहे आणि ते किती, हे बऱ्यापैकी मोजता येतं.

खेळ किमान किती माहीत हवा

हा आपल्याकडचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू, हेल्मेट, अकरा विरुद्ध अकरा आणि १०० यार्डांचं मैदान असलेला अमेरिकन फुटबॉल. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर एक सोपी किक मारून १ जादा गुण घेता येतो, किंवा किक न मारता पुन्हा एक चाल खेळून २. तेवढं पुढे जाता आलं नाही तर दोन खांबांमधून लाथेने चेंडू उडवायचा, तो फील्ड गोल, ३ गुणांचा. आपल्याच टोकाच्या पट्ट्यात चेंडूसह पकडले गेलो तर समोरच्याला २ गुण मिळतात, त्याला सेफ्टी म्हणतात. सेफ्टी दिसते त्यापेक्षा महाग पडते, कारण २ गुण गमावल्यावर चेंडूही समोरच्यालाच द्यावा लागतो.

आणखी दोन शब्द लागतील. हातातून सुटलेला चेंडू म्हणजे फंबल. फेकलेला चेंडू समोरच्या खेळाडूने झेलला तर इंटरसेप्शन.

एका टचडाउनचे जास्तीत जास्त ८ गुण होतात (६ अधिक २). म्हणून ८ किंवा त्याहून कमी फरकाच्या सामन्याला तिकडे ‘एका चालीचा सामना’ या अर्थाचं नाव आहे. शेवटच्या क्षणी एकच चाल जमली असती तर निकाल बरोबरीला आला असता किंवा फिरला असता. आपण अशा सामन्याला अटीतटीचा म्हणू.

पराभव कोणाकडून, कितीने

इलिनॉयकडून ३०-२२, ओक्लाहोमाकडून २३-१६, मिशिगन स्टेटकडून जादा वेळेत २३-२०, मिशिगनकडून ३२-२९, मिनेसोटाकडून ३०-२३, परड्यूकडून २८-२३, ओहायो स्टेटकडून २६-१७, विस्कॉन्सिनकडून ३५-२८, आयोवाकडून २८-२१. फरकांची बेरीज ५६.

विजय मात्र दणदणीत. फोर्डमवर ५२-७, बफेलोवर २८-३, नॉर्थवेस्टर्नवर ५६-७. फरकांची बेरीज ११९. ११९ मधून ५६ गेले, उरले ६३.

या नऊ संघांपैकी इलिनॉय सोडून बाकी आठ जणांनी त्या हंगामात किमान ९ सामने जिंकले. मिशिगनने १२ जिंकले, तर ओहायो स्टेट, ओक्लाहोमा आणि मिशिगन स्टेटने प्रत्येकी ११. उलट बफेलोने त्या वर्षी ८ सामने हरले, नॉर्थवेस्टर्नने ९, आणि फोर्डम तर खालच्या गटातला संघ. ही माहिती पुढे दोनदा उपयोगी पडेल, त्यामुळे लक्षात असू द्या.

नऊच्या नऊ हरण्याची शक्यता

अटीतटीचा सामना म्हणजे नाणेफेक, असं समजून चालू. (ओहायो स्टेटविरुद्धचा ९ गुणांचा पराभवही त्यातच धरू.) छाप पडला तर जिंकलो, काटा पडला तर हरलो. नऊ वेळा सलग काटा पडण्याची शक्यता ५१२ मध्ये १. इतक्या दुर्मीळ गोष्टीला फक्त दुर्दैव म्हणायला कोणीही कचरेल.

पण समोर मिशिगन आणि ओहायो स्टेट असताना नाणं समतोल नसतं. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५० ऐवजी ४० टक्के धरली, तर नऊही हरण्याची शक्यता सुमारे १०० मध्ये १ होते. ३५ टक्के धरली तर सुमारे ४८ मध्ये १. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात २०२१ मध्ये १३० संघ होते आणि हंगाम दरवर्षी असतो. ५० किंवा १०० मध्ये एकदा घडणारी गोष्ट इतक्या संघांत कुठे ना कुठे, कधी ना कधी घडतेच. ती आपल्या संघाच्या वाट्याला आली की विचित्र वाटते, एवढंच.

सामन्यांची संख्याही इथे भर घालते. कॉलेज फुटबॉलचा नियमित हंगाम १२ सामन्यांचा. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, तिथे नाण्याची चांगली-वाईट फेक आपोआप समतोल होते. बारा सामन्यांत तेवढी सवडच मिळत नाही.

गुणांवरून अपेक्षित विजय कसे काढतात

बिल जेम्स या बेसबॉलच्या आकडेतज्ज्ञाने एक सूत्र मांडलं होतं. नंतर ते फुटबॉललाही लावलं गेलं. कृती सोपी आहे. केलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागा: ३३५ भागिले २७२ म्हणजे साधारण १.२३. त्याचा २.३७ वा घात काढा, फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर जमतं, उत्तर सुमारे १.६४. आता १.६४ ला २.६४ ने (म्हणजे त्यात १ मिळवून) भागा: ०.६२. त्याला १२ ने गुणा: ७.४.

म्हणजे इतके गुण करणारा आणि इतके देणारा संघ साधारणपणे सात सामने जिंकतो. नेब्रास्काने जिंकले तीन. सहा विजय झाले की संघ हंगामानंतरच्या ‘बोल’ नावाच्या निमंत्रित सामन्याला पात्र होतो. सूत्राप्रमाणे नेब्रास्का तिथे पोचायला हवा होता.

“दुबळ्यांना धुतलं म्हणून आकडे फुगले!”

हा आक्षेप रास्त आहे. फोर्डमवर ४५ गुणांनी जिंकल्यावर मिशिगनला हरवण्याची ताकद सिद्ध होत नाही. म्हणून तिन्ही विजय बाजूला काढून फक्त हरलेले नऊ सामने सूत्रात घालून बघा. त्यांत नेब्रास्काचे गुण १९९, समोरच्यांचे २५५. उत्तर येतं ३.२.

हरलेलेच सामने निवडून मोजणं म्हणजे मुद्दाम नेब्रास्काच्या विरोधात झुकतं माप टाकणं. तरी सूत्र म्हणतं की त्यांतले तीन जिंकायला हवे होते. खरे जिंकलेले तीन मिळवले की सहा. त्यामुळे संघ सात विजयांच्या लायकीचा होता की सहाच्या यावर वाद घाला, पण तीनच्या लायकीचा नव्हता.

दुसरा पुरावा मैदानाबाहेरचा. या हरणाऱ्या संघातले दोन खेळाडू २०२२ च्या व्यावसायिक निवडीत दुसऱ्याच फेरीत उचलले गेले. सेंटर कॅम जर्गन्स ५१ व्या क्रमांकावर फिलाडेल्फियाकडे, बचावपटू कॅम टेलर-ब्रिट ६० व्या क्रमांकावर सिनसिनाटीकडे. जर्गन्स पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, जिंकणाऱ्या संघात होता.

गुण गळाले कुठून

आता मुख्य भाग. फुटबॉल संघाचे तीन विभाग असतात. चेंडू पुढे नेणारा, समोरच्याला अडवणारा आणि तिसरा किकचा. फील्ड गोल, जादा गुण, सामना सुरू करणारी किक, चौथ्या प्रयत्नात चेंडू लांब उडवून समोरच्याला मागे ढकलणारी पंट, हे सगळं तिसऱ्या विभागाचं काम. प्रेक्षक पाणी प्यायला उठतात ते याच वेळी. नेब्रास्काचा हंगाम बराचसा इथेच वाहून गेला.

पहिलाच सामना घ्या, इलिनॉयविरुद्धचा. पंट झेलणाऱ्या खेळाडूने आपल्याच टोकाच्या अगदी जवळ, जो चेंडू सोडून द्यायचा असतो तो झेलला आणि तोल जाऊन मागच्या पट्ट्यात गेला. सेफ्टी, २ गुण गेले. मग दोन टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या किक चुकल्या, आणखी २ गेले. मध्यंतराच्या थोडं आधी क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा मुख्य खेळाडू एड्रियन मार्टिनेझ याच्या हातून चेंडू सुटला आणि इलिनॉयने तो ४१ यार्ड पळवून टचडाउन केला, ७ गेले. बेरीज ११, पराभव ८ गुणांनी.

ओक्लाहोमाविरुद्ध जादा गुणाची किक अडवली गेली. कॉलेजच्या नियमानुसार अडवलेला हा चेंडू उलट्या दिशेला शेवटपर्यंत पळवला तर बचाव करणाऱ्या संघाला २ गुण मिळतात. तसंच झालं. मिळायचा १ गेला आणि २ द्यावे लागले, फरक ३ चा. शिवाय दोन फील्ड गोल चुकले, ६. एकूण ९, पराभव ७ गुणांनी.

मिशिगन स्टेटचा सामना सगळ्यांत बोलका आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात नेब्रास्काच्या बचावाने त्यांना एकूण १४ यार्डच जाऊ दिलं. इतका बचाव केल्यावर सामना जिंकायलाच हवा. पण चौथ्या सत्रात एक पंट ठरलेल्या बाजूऐवजी उलट्या बाजूला गेली आणि त्यांच्या जेडन रीडने ती ६२ यार्ड पळवून टचडाउन केला. बरोबरी, जादा वेळ, इंटरसेप्शन, पराभव.

एक पंट चुकीच्या बाजूला गेली तर एवढं काय बिघडतं? पंट मारणारा मूळ जागेपासून साधारण १५ यार्ड मागे उभा असतो. चेंडू त्याच्याकडे येऊन पायाने सुटेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ जातो आणि हवेत तो चार-साडेचार सेकंद राहतो. तेवढ्यात दहा जण झेलणाऱ्याच्या दिशेने धावतात, प्रत्येकाची वाट आधी ठरलेली. चेंडू उजवीकडे जाणार म्हणून सगळी फळी उजवीकडे सरकते, म्हणजे डावीकडचं मैदान मोकळं. चेंडू डावीकडे गेला की झेलणाऱ्याला समोर कोणीच दिसत नाही. चूक एकाच्या पायाची असते, पण त्याच क्षणी उरलेले दहा जण चुकीच्या जागी जातात.

विस्कॉन्सिनविरुद्ध तर सामन्याची पहिलीच किक ९१ यार्ड पळवून त्यांनी टचडाउन केला. पराभव ७ गुणांनी. आयोवाविरुद्ध तिसऱ्या सत्रात नेब्रास्का २१-६ ने पुढे होता. मग पंट अडवली गेली आणि तिचा टचडाउन झाला, पुढे सेफ्टी झाली. आयोवाने सलग २२ गुण करून २८-२१ ने सामना नेला. मिनेसोटाविरुद्धही एक २७ यार्डांचा फील्ड गोल चुकला आणि एक सेफ्टी पदरात पडली. (फील्ड गोलचं अंतर मोजताना चेंडू जिथे आहे त्यात साधारण १७ यार्ड मिळवतात, १० टोकाच्या पट्ट्याचे आणि ७ मागे धरून उभं राहण्याचे. म्हणजे २७ यार्डांची किक ही टोकापासून फक्त १० यार्डांवरून मारलेली असते. कॉलेजच्या किकरकडूनही ती चुकणं अपेक्षित नसतं.)

ओक्लाहोमा, मिशिगन स्टेट, विस्कॉन्सिन, आयोवा. या चार सामन्यांत एकट्या किकच्या विभागाने गमावलेले गुण पराभवाच्या फरकाइतके किंवा त्याहून जास्त आहेत. अर्थात एक घटना बदलली की पुढचा सामनाही बदलतो, त्यामुळे ‘चारही जिंकले असते’ असं म्हणता येणार नाही. पण दोष कुठे शोधायचा ते कळतं.

उरलेल्या सामन्यांत चेंडू हातचा गेला. परड्यूविरुद्ध मार्टिनेझचे चार चेंडू समोरच्यांनी झेलले, त्यांतल्या एकाचा थेट टचडाउन झाला. मिशिगनविरुद्ध २९-२९ अशी बरोबरी असताना शेवटच्या दोन मिनिटांत त्याच्याकडून फंबल झालं आणि मिशिगनने फील्ड गोल मारून सामना घेतला. इथे मात्र एक बारकावा आहे. चेंडू हातातून सुटणं यात कौशल्याचा दोष असतो, पण जमिनीवर पडलेला लांबट चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळपास निम्म्या-निम्म्या शक्यतेचं असतं. त्यामुळे फंबलचं नुकसान मोजताना अर्धा भाग नशिबाच्या खात्यात टाकणं योग्य. इंटरसेप्शनमध्ये तसं करता येत नाही.

किकचा विभाग सुधारणं एवढं अवघड का?

वेळ आणि माणसं, दोन्हींवर मर्यादा असते. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हंगामात आठवड्याला २० तासांचीच सक्तीची तयारी घेऊ देते. त्यातच चाली, बचाव, व्यायाम, व्हिडिओ पाहणं. किकच्या वाट्याला उरलेसुरले तास. पूर्ण वेळ सहायक कोच तेव्हा दहाच ठेवता येत. त्यांतला एक फक्त किकसाठी दिला तर दुसऱ्या कुठल्या तरी विभागाचा माणूस कमी होतो. २०२१ मध्ये नेब्रास्कात हे काम ज्याच्याकडे होतं, त्याच्याकडे बचावातल्या एका फळीचंही प्रशिक्षण होतं.

शेजारच्या आयोवाने नेमकी उलट निवड केली. तिथले कोच कर्क फेरेंट्झ १९९९ पासून एकाच पद्धतीने खेळतात: चाली साध्या, बचाव चिवट आणि किक अचूक. त्यांचा पंट मारणारा टोरी टेलर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून आणलेला, २०२३ मध्ये देशातला सर्वोत्तम पंटर ठरला. २०२१ मध्ये यार्ड मिळवण्यात आयोवा देशात तळच्या संघांत होता, तरी १० सामने जिंकला. बघायला कंटाळवाणा खेळ, पण अटीतटीच्या सामन्याला हाच लागतो.

“मग कोचचा काय दोष? नशीबच फुटकं!”

एका हंगामापुरतं हे चाललं असतं. नेब्रास्काचा तेव्हाचा कोच स्कॉट फ्रॉस्ट हा १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या नेब्रास्का संघाचा क्वार्टरबॅक. २०१७ मध्ये कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडाला १३-० असा अपराजित हंगाम दिला आणि घरी परतला. नेब्रास्कात त्याच्या काळात ८ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे निकाल असे: ५ विजय, २२ पराभव.

२७ समतोल नाणेफेकींत पाच किंवा त्याहून कमी वेळा छाप पडण्याची शक्यता सुमारे १३०० मध्ये १. नाणं ४० टक्क्यांचं धरलं तरी ६५ मध्ये १. नऊ सामन्यांचं दुर्दैव पटतं. २७ सामन्यांपर्यंत ते ताणलं की पटेनासं होतं, विशेषतः चुकांचा प्रकार तोच असेल तर.

निर्णयांचाही वाटा होता. २०२२ चा पहिला सामना डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध होता. तिसऱ्या सत्रात नेब्रास्का २८-१७ ने पुढे. तिथे फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू लांब न उडवता जेमतेम १० यार्ड सरकवून स्वतःच पुन्हा हस्तगत करायचा. हा डाव सहसा शेवटच्या मिनिटांत मागे असलेला संघ खेळतो. फसला तर समोरच्याला मैदानाच्या मध्याजवळ आयता चेंडू मिळतो. फसला. नॉर्थवेस्टर्न ३१-२८ ने जिंकलं. अकरा गुणांनी पुढे असताना धोका पत्करून मिळणार थोडं आणि जाणार बरंच, हे गणित कोचला यायलाच हवं.

“नशीब होतं तर पुढच्या वर्षी सुधारायला हवं होतं ना?”

आकडेशास्त्र असंच सांगतं: टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या खेपेला मधल्याकडे सरकते. २०२२ आधी अनेकांनी नेब्रास्कावर तसा भरवसाही ठेवला. संघाने योग्य डागडुजीही केली. किकच्या विभागाला बिल बुश हे प्रमुख दिले, फरमनहून किकर आणि मोंटानाहून पंटर आणला. तरी २०२२ चा निकाल ४ विजय, ८ पराभव.

यात सूत्राचा दोष नाही. सूत्र गृहीत धरतं की संघ तोच आहे. कॉलेजमध्ये तो तोच राहत नाही. विद्यार्थी खेळाडूला साधारण चार हंगाम मिळतात आणि २०२१ पासून पहिल्या वेळी एक हंगाम बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाता येऊ लागलं. मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला, जर्गन्स आणि टेलर-ब्रिट व्यावसायिक झाले. वर्षभरापूर्वी मिशिगन स्टेटला अर्ध्या सामन्यात १४ यार्डांवर रोखणाऱ्या बचावाने सप्टेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया सदर्नला ६४२ यार्ड दिले आणि संघ ४५-४२ ने हरला. दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टला काढलं.

नवे कोच मॅट रूल आले तरी अटीतटीची सवय लगेच सुटली नाही. २०२३ मध्ये पाच विजय हाताशी असताना शेवटचे चार सामने ३, ३, ७ आणि ३ गुणांनी हरले. मेरीलँड आणि आयोवाविरुद्धचा निकाल तर एकच, १०-१३. म्हणून सगळं फ्रॉस्टच्या माथी मारणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

हरणाऱ्या कोचला एवढे पैसे का?

आपल्याकडच्या वाचकाला खरा धक्का इथे बसतो. फ्रॉस्टचा पगार वर्षाला ५० लाख डॉलर, तेव्हाच्या दराने ३७ कोटी रुपयांच्या आसपास. करार संपण्याआधी काढलं तर ठरलेली रक्कम द्यावी लागते. ८ नोव्हेंबर २०२१ ला, ३-७ अशी स्थिती असताना, विद्यापीठाचे क्रीडा संचालक ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी त्याला ठेवलं, पण पगार ४० लाखांवर आणला आणि चार सहायक कोच काढले. शिवाय काढण्याची रक्कम १ ऑक्टोबर २०२२ पासून दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येईल असं लिहून घेतलं.

आकडे पाहिले तर तो निर्णय समजण्यासारखा होता. सहा-सात विजयांच्या लायकीचा संघ तीनवर अडकला होता आणि घाई केली तर दुप्पट पैसे जाणार होते. पण पुढच्या वर्षी त्याला १ ऑक्टोबरच्या जेमतेम तीन आठवडे आधी काढलं, म्हणजे थांबले असते तर वाचले असते ते ७५ लाख डॉलर जास्तीचे गेले. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेची जबाबदारी घेतली, त्यापुढे हे किरकोळच.

पैसा येतो टीव्हीच्या हक्कांतून, तिकिटांतून आणि देणगीदारांकडून. नेब्रास्काचा क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर चालतो, हे अमेरिकेतही फार थोड्या विद्यापीठांना जमतं. फुटबॉलच्या उत्पन्नावर जलतरण, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स असे बाकी बरेच खेळ पोसले जातात. म्हणून एक वाईट हंगाम फक्त फुटबॉलवाल्यांना लागत नाही.

हरूनही स्टेडियम भरतं ते कसं?

लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची प्रत्येक सामन्याची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून संपत आली आहेत. राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास, व्यावसायिक फुटबॉल संघ एकही नाही. सामन्याच्या शनिवारी ८५ हजारांच्या आसपास माणसं जमतात तेव्हा ओमाहा आणि लिंकन सोडून राज्यातली सर्वांत मोठी वस्ती ते स्टेडियमच असतं. तिकडे शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्या शरद ऋतूत रस्ते बंद का आणि सगळे लाल कपड्यांत का, हा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर हे. पाच राष्ट्रीय विजेतेपदं (१९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७) पाहिलेल्या घरांत तिकीट वारशाने येतं, निकाल बघून घेतलं जात नाही.

दुसऱ्या एखाद्या संघाचा हंगाम तपासायचा असेल तर

आधी केलेले आणि दिलेले गुण घेऊन वरचं सूत्र लावा. खरे विजय आणि अपेक्षित विजय यांत दोनपेक्षा जास्त तफावत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे, नाहीतर संघ जसा दिसतो तसाच आहे. मग खालच्या गटातल्या संघांवरचे विजय वगळून तोच हिशेब पुन्हा करा. अटीतटीचे सामने मोजताना एकच वर्ष न घेता त्या कोचची सगळी वर्षं घ्या. सात-आठ सामन्यांवरून काहीच ठरत नाही, पंचवीसच्या पुढे थोडं बोलता येतं. चुकलेले फील्ड गोल अंतरासकट बघा. ५० यार्डांवरून चुकणं क्षम्य, ३० च्या आतलं नाही. आणि पुढच्या हंगामाचा अंदाज बांधण्याआधी संघातले किती जण परत येत आहेत ते मोजा. नेब्रास्काच्या बाबतीत २०२२ चे अंदाज चुकले ते मुख्यतः याच पायरीवर. २०२४ मध्ये संघ ७-६ पर्यंत पोचला, डिसेंबरात बॉस्टन कॉलेजला २०-१५ ने हरवून आठ वर्षांनी पहिला बोल सामना खेळला आणि जिंकला. त्याच हंगामातला आयोवाविरुद्धचा सामना मात्र पुन्हा १०-१३ असाच गेला, शेवटच्या चालीवरच्या ५३ यार्डांच्या किकवर.